असुडातला बिननावाचा कुणबी

लढाया, तह आणि कायदे यांच्या तारखा पुस्तकांत मिळतात. त्या साली घरात दाणे होते का आणि शेतसारा कुणाच्या दारात जाऊन भरला, हे सहसा कुणी लिहून ठेवत नाही. पुणे जिल्ह्यातल्या कुणब्याचे तेवढे भाग्य, की त्याच्याबद्दल लिहिणारा स्वतः पुण्याजवळच्या मांजरीला शेती करत होता. जोतीराव फुले यांची तिथे सुमारे 60 एकर जमीन होती आणि 1883 साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला.

या पुस्तकातला एक शेतकरी कलेक्टरच्या तंबूतून घरी निघतो, तो स्वतःशीच बोलत. सारा वाढवून ठेवलेला. पाऊस नाही, बाप गेलेला, त्याच्या दिवसांचा खर्च डोक्यावर. सारा भरायला सावकाराकडे गेला आणि जमीन गहाण पडली. फुल्यांनी त्याला नाव दिलेले नाही, पण तो काळाच्या बाहेरचा नाही. अमेरिकेतले यादवी युद्ध 1865 साली संपले आणि त्या युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव कोसळले. त्यातच पुणे जिल्ह्यात साऱ्याची फेरआकारणी आली. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची कर्जखते जाळली. पाठोपाठ 1876 ते 78चा दुष्काळ. दंगलीची चौकशी झाली, 1879 साली कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी कायदाही झाला. त्याच सुमारास खडकवासल्याचे धरण पुरे झाले आणि मुठेचा उजवा कालवा हडपसर-मांजरीच्या अंगाने पुढे गेला.

पाणी आले, पण ते मोजून मिळेल याची हमी नव्हती. प्रत्येकाच्या वाट्याचे पाणी तोटी बसवून द्यावे, असे फुल्यांनी सुचवले. धरणाच्या कामाला माल पुरवणारा आणि पाटाखाली शेती करणारा माणूस हे सांगत होता, म्हणून त्या सूचनेला वजन आहे.

पुस्तकाचे भाग त्यांनी पुण्या-मुंबईबरोबर जुन्नर, ओतूर आणि शेजारच्या हडपसरलाही वाचून दाखवले. ज्यांच्याविषयी लिहिले तेच समोर बसलेले! एवढी कडक परीक्षा किती लेखक देतात? 2 मार्च 1888 रोजी ब्रिटिश राजपुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यापुढेही ते शेतकऱ्याच्या वेशात उभे राहिले.

मांजरी बुद्रुक 30 जून 2021 रोजी पुणे महापालिकेत गेली. शेते प्लॉट होत आहेत. ज्यांच्या घरी जुने सातबारे, गहाणखते, पाणीपट्टीच्या पावत्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. आजा-पणजांचा इतिहास तेवढ्याच कागदांवर आहे.