डिरेक्टरीचा कोटा

रेशनच्या दुकानात कार्डामागे ठरलेले धान्य मिळते, हे आपल्याला ठाऊक आहे. पोते भरलेले असले तरी एकाच घराने ते सगळे उचलायचे नाही, म्हणून कोटा. संगणकाच्या डिस्कवरील जागेलाही असाच कोटा लावता येतो. तो का लावावा लागतो आणि संगणक त्याचा हिशेब कसा ठेवतो, हे आज पाहू.

समजा, शाळेच्या संगणकशाळेत १०० गिगाबाइट जागा असलेली एक सामाईक डिस्क आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांचे आठ गट काम करीत आहेत. प्रत्येक गटाला एक डिरेक्टरी, म्हणजे आपण ज्याला फोल्डर म्हणतो ती, दिलेली आहे. एका गटाने बुलबुलाच्या घरट्याचे चित्रण सुरू केले आणि ते दिवसेंदिवस चालूच ठेवले. डिस्क काठोकाठ भरली. त्याच वेळी दुसऱ्या गटातील मुलीने महिनाभराच्या पर्जन्यमापनाच्या नोंदींत आजचा आकडा घातला आणि फाईल साठवली. काही प्रोग्राम फाईल साठवताना जुना मजकूर आधी पुसतात व मग नवा लिहितात. पुसल्यामुळे मोकळी झालेली जागा चित्रणाने लगेच व्यापली. जुन्या नोंदी गेल्या आणि नव्या लिहिल्याच गेल्या नाहीत! चूक एका गटाची, नुकसान मात्र दुसऱ्याचे.

माणसाचा कोटा की डिरेक्टरीचा?

ही अडचण जुनीच आहे. एका संगणकावर अनेकांनी काम करावयाचे युनिक्स प्रणालीचे दिवस आठवा. १९८३ मध्ये आलेल्या युनिक्सच्या बर्कली आवृत्तीत, म्हणजे ४.२ बीएसडीत, डिस्कच्या कोट्याची सोय होती. ती मेलबर्न विद्यापीठातील रॉबर्ट एल्झ यांनी तयार केली होती. त्यात कोटा माणसागणिक होता. पण आपल्या गटात पाच मुले एकाच डिरेक्टरीत लिहितात. येथे कोणी किती लिहिले यापेक्षा त्या डिरेक्टरीत एकूण किती साठले, हे महत्त्वाचे. म्हणून डिरेक्टरीचा कोटा हवा. लिनक्सवर एक्सएफएस या फाईल व्यवस्थेत ही सोय आहे. ईएक्सटी-४ या दुसऱ्या व्यवस्थेत ती २०१६ पासून आली.

संगणकाची खतावणी

डिरेक्टरीत किती जागा व्यापली आहे, हे मोजणारी एक साधी आज्ञा आहे, ‘डीयू’. ती प्रत्येक उपडिरेक्टरीत शिरते, एकेक फाईल पाहते आणि बेरीज करते. दुकानदाराने वखारीत जाऊन पोती मोजावीत, तसे हे झाले. फाईली लाखांवर गेल्या की या मोजणीला बराच वेळ लागतो. फाईलीत नवी भर घालताना दर वेळी अशी मोजणी करीत बसलो, तर काम कधी व्हायचे?

म्हणून कोट्यासाठी संगणक खतावणी ठेवतो. प्रत्येक डिरेक्टरीला एक खाते क्रमांक दिला जातो. तिच्यात तयार होणारी प्रत्येक नवी फाईल तो क्रमांक जन्मतःच घेऊन येते. डिस्कवरील जागा छोट्या ठोकळ्यांनी दिली जाते. नवा ठोकळा देण्यापूर्वी संगणक त्या क्रमांकाची शिल्लक पाहतो. शिल्लक असेल, तर ठोकळा देतो आणि खात्यात मांडतो. फाईल पुसली की तितके ठोकळे खात्यातून वजा होतात. वखारीत जाण्याची गरजच नाही.

दोन मर्यादा

मर्यादा दोन प्रकारच्या असतात. आपल्या गटांना आपण सौम्य मर्यादा ८ गिगाबाइटची आणि कडक मर्यादा १० गिगाबाइटची देऊ. सौम्य मर्यादा ओलांडली तरी लिहिणे थांबत नाही. पण सवलतीची मुदत सुरू होते. ती सहसा ७ दिवसांची असते. तेवढ्यात पसारा आवरला नाही, तर पुढे नवी जागा मिळत नाही. कडक मर्यादा मात्र एका क्षणासाठीही ओलांडता येत नाही. आठ गटांचे मिळून ८० गिगाबाइट होतात. म्हणजे सर्वांनी आपापली डिरेक्टरी भरली तरी २० गिगाबाइट मोकळे राहतात.

हे काम ‘एक्सएफएस-कोटा’ या आज्ञेने होते आणि ते संगणकाचा पूर्ण अधिकार असलेल्या शिक्षकांनी करावयाचे असते. आज्ञा इंग्रजी अक्षरांत टंकायच्या. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत. प्रथम डिस्क जोडतानाच ‘पीकोटा’ हा पर्याय द्यावा, म्हणजे खतावणी उघडते. मग ‘प्रोजेक्ट्स’ या फाईलीत क्रमांक व डिरेक्टरीचा मार्ग, तर ‘प्रोजआयडी’ या फाईलीत खात्याचे नाव व क्रमांक लिहावा. त्यानंतर ‘प्रोजेक्ट’ या पोटआज्ञेने डिरेक्टरीतील आधीच्या फाईलींवर क्रमांकाचा शिक्का मारावा. ‘लिमिट’ने दोन्ही मर्यादा घालाव्यात आणि ‘रिपोर्ट’ने प्रत्येक खात्याचा अहवाल पाहावा. शिक्का मारायची पायरी विसरली, तर जुन्या फाईली हिशेबात धरल्याच जात नाहीत. हा घोटाळा नवशिक्यांच्या हातून फार वेळा होतो.

आणखी एक गंमत आहे. एक्सएफएसमध्ये डिरेक्टरीची कडक मर्यादा गाठली, की ‘डिस्कवर जागा उरली नाही’ असाच संदेश येतो. डिस्क अर्धी रिकामी असली तरीही! तेव्हा असा संदेश दिसला, तर डिस्कला दोष देण्यापूर्वी कोट्याचा अहवाल पाहावा.

करून पहा

लिनक्स संगणकावर एका नव्या फाईलीत ‘क’ हे एकच अक्षर लिहा, एन्टर कळ एकदाच दाबा आणि फाईल साठवा. ‘एलएस’ ही आज्ञा उणे-एल या पर्यायासह दिली, की फाईलीची लांबी ४ बाइट दिसेल. ‘क’चे ३ बाइट आणि ओळ संपल्याच्या खुणेचा १. आता त्याच फाईलीवर ‘डीयू’ चालवा. बहुतेक संगणकांवर उत्तर ४ किलोबाइट येईल, म्हणजे ४०९६ बाइट. कारण ठोकळा अर्धा-पाव मिळत नाही, अख्खाच घ्यावा लागतो. १००० मुलांनी अशी एकेक फाईल केली, तर मजकूर होईल ४००० बाइट, पण खात्यात पडतील ४० लाखांहून अधिक बाइट! म्हणूनच जागेबरोबर फाईलींच्या संख्येवरही मर्यादा घालण्याची सोय कोट्यात ठेवलेली आहे.

कोट्यामुळे डिस्कची जागा तसूभरही वाढत नाही. पण बुलबुलाच्या चित्रणाला जागा कमी पडली, तर ते चित्रणच थांबते. पावसाच्या नोंदी सुरक्षित राहतात. ज्याचा पसारा, त्यालाच त्याची झळ, इतका साधा न्याय त्यात आहे. तुमच्या संगणकशाळेत एखादी सामाईक डिस्क असेल, तर तिच्यावर कोटा लावला आहे का, हे शिक्षकांना जरूर विचारा.