औषधनियंत्रण, आयुर्वेदीय

आयुर्वेद, सिद्ध व युनानी या पारंपरिक वैद्यकपद्धतींत वापरल्या जाणाऱ्या औषधांची निर्मिती, शुद्धता, सुरक्षितता, वेष्टनावरील माहिती व जाहिरात यांवर शासनाने कायद्याने ठेवलेली देखरेख. ही औषधे वनस्पती, खनिजे, धातू व प्राणिज पदार्थ यांपासून तयार करतात. निसर्गातून मिळणारा पदार्थ निरुपद्रवी असतोच असे नाही. वचनाग, कुचला, धोतरा, बिब्बा यांसारखी द्रव्ये विषारी असल्याने ती शोधनसंस्कार करूनच वापरावीत, असे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही सांगितलेले आहे. पूर्वी वैद्य स्वतः वनस्पती पारखून घेई, औषध सिद्ध करी व रुग्णास देई. त्यामुळे औषधाची सर्व जबाबदारी त्याच्यावरच असे. औषधे कारखान्यांत तयार होऊन दुकानांतून विकली जाऊ लागली, तेव्हा औषध करणारा व घेणारा यांचा प्रत्यक्ष संबंध उरला नाही. द्रव्याची ओळख, प्रमाण व शुद्धता यांची हमी देण्याचे काम अशा रीतीने कायद्याकडे व वेष्टनावरील मजकुराकडे आले.

इतिहास : भारतातील औषधव्यवहाराची पाहणी करण्यासाठी १९३० मध्ये रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. तिच्या १९३१ च्या अहवालानंतर १९४० मध्ये औषधिविषयक कायदा झाला. या कायद्यातील ‘औषध’ या संज्ञेच्या व्याख्येतून केवळ आयुर्वेदीय वा युनानी पद्धतीने वापरावयाची औषधे वगळलेली होती. १९६४ च्या दुरुस्तीने कायद्यात ‘चार-अ’ हे प्रकरण घालण्यात आले आणि ही औषधे प्रथमच नियंत्रणाखाली आली. प्रारंभी सिद्ध औषधांचा समावेश आयुर्वेदीय औषधांतच केला जाई. १९८२ च्या दुरुस्तीने त्यांचा स्वतंत्र उल्लेख झाला. मानके ठरविण्यासाठी १९६२ मध्ये आयुर्वेदीय औषधिसंहिता समिती स्थापन झाली, तर परीक्षणासाठी १९७० मध्ये गाझियाबाद येथे भारतीय वैद्यकाची औषधिसंहिता प्रयोगशाळा सुरू झाली. २०१४ मध्ये केंद्र शासनात आयुष मंत्रालय स्वतंत्र झाले.

यंत्रणा व परवाने : कायदा व नियम केंद्र शासन करते, तर परवाने देणे, तपासणी करणे व खटले भरणे ही कामे राज्य शासने करतात. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. औषधे बनविण्यासाठी परवाना आवश्यक असतो व निर्मितीचे काम पात्र तंत्रज्ञांच्या देखरेखीखाली व्हावे लागते. कारखान्याची जागा, स्वच्छता, कच्च्या मालाची साठवण, नोंदवह्या व गुणवत्ता-परीक्षण यांविषयीच्या अटी ‘टी’ परिशिष्टात दिलेल्या असून त्या २००० मध्ये लागू करण्यात आल्या. विक्रीसाठी मात्र परवाना लागत नाही. त्यामुळे ही औषधे किराणा दुकानातही मिळू शकतात आणि विक्रीच्या टप्प्यावरील देखरेख आधुनिक औषधांच्या मानाने सैल राहते.

कायद्याच्या दृष्टीने औषधांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात ग्रंथोक्त औषधे येतात. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात प्रमाणभूत ग्रंथांची यादी असून तीत चरकसंहिता, सुश्रुतसंहिता, अष्टांगहृदय, शार्ङ्गधरसंहिता, भावप्रकाश, योगरत्नाकर, भैषज्यरत्नावली, आर्यभिषक् इ. ग्रंथ आहेत. यांतील पाठाप्रमाणे तंतोतंत केलेले औषध या वर्गात मोडते. दुसऱ्या वर्गात स्वामित्वाची (प्रोप्रायटरी) औषधे येतात. त्यांतील प्रत्येक घटक प्रमाणभूत ग्रंथांतील पाठांत आलेला असावा लागतो. पण घटकांची जुळणी उत्पादकाची स्वतःची असते. २०१० मध्ये केलेल्या १५८-ब या नियमानुसार ग्रंथोक्त औषधांस ग्रंथाचा आधार पुरेसा मानला जातो. स्वामित्वाच्या औषधांबाबत परिणामकारकतेचा काही पुरावा, तर विषारी द्रव्ये असल्यास सुरक्षिततेचा अभ्यासही मागितला जातो. परंपरेने दीर्घकाळ वापरलेल्या पाठास त्या वापराचा आधार देता येतो, नव्या जुळणीस तो देता येत नाही, हे या भेदामागील तत्त्व होय.

वेष्टनावरील माहिती : १६१ व्या नियमानुसार वेष्टनावर औषधाचे नाव, निव्वळ वजन वा माप, उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, गट (बॅच) क्रमांक, उत्पादनाची तारीख व ‘आयुर्वेदीय औषध’ असा स्पष्ट उल्लेख असावा लागतो. सर्व घटकांची यादी त्यांच्या वनस्पतिशास्त्रीय नावांसह व प्रमाणासह द्यावी लागते; ती फार मोठी असल्यास वेगळ्या कागदावर छापून वेष्टनात घालता येते. पुढे औषध वापरण्याच्या मुदतीचा उल्लेखही आवश्यक करण्यात आला. ‘ई (१)’ परिशिष्टात अफू, भांग, धोतरा, कुचला, वचनाग, बिब्बा, जमालगोटा, गुंज, कण्हेर इ. वनस्पतिज, सर्पविष हे प्राणिज आणि पारा, हिंगूळ, हरताळ, मनशीळ, रसकापूर, मोरचूद इ. खनिज द्रव्ये दिलेली आहेत. यांपैकी एखादे द्रव्य पोटात घेण्याच्या औषधात असल्यास ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सूचना इंग्रजी व हिंदीत छापावी लागते.

वनस्पतिशास्त्रीय नाव देण्याचा आग्रह केवळ औपचारिक नाही. एकच देशी नाव निरनिराळ्या प्रदेशांत वेगवेगळ्या वनस्पतींना लावले जाते, तर काही वनस्पती दिसण्यात परस्परांशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात, की वाळविल्यावर वा चूर्ण केल्यावर त्या ओळखणे कठीण जाते. मुंबईतील यकृततज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृतास इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. वापरलेली वनस्पती खरी गुळवेल (टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया) होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जाती (टिनोस्पोरा क्रिस्पा), असा प्रश्न आयुष मंत्रालयाने त्यावर उपस्थित केला. अशा वादाचा निर्णय औषधाच्या नमुन्याचे परीक्षण व त्याच्या निर्मितीची नोंद उपलब्ध असेल तरच होऊ शकतो.

जड धातू : रसौषधींत पारा, शिसे, सोमल इत्यादींचे कल्प हेतुपूर्वक वापरलेले असतात. भस्म नीट सिद्ध झाले की नाही हे पाहण्यासाठी वारितर (पाण्यावर तरंगणे), रेखापूर्ण (बोटांच्या रेषांत शिरणे), अपुनर्भव (मूळ धातू परत न मिळणे) इ. पारंपरिक परीक्षा आहेत. तथापि शरीरावरील विषारी परिणामाचे मापन त्यांनी होत नाही. केवळ वनस्पतिज औषधांतही दूषित माती, पाणी वा यंत्रसामग्री यांतून धातू येऊ शकतात. अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. २००८ मधील दुसऱ्या पाहणीत १९३ उत्पादनांपैकी सु. एकपंचमांश उत्पादनांत हे धातू आढळले. त्यांत भारतात तसेच अमेरिकेत तयार झालेली उत्पादनेही होती. भारत शासनाने ऑक्टोबर २००५ मध्ये आदेश काढून १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या केवळ वनस्पतिज औषधांचे धातुपरीक्षण सक्तीचे केले. शिसे दशलक्ष भागांत १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ भाग अशा मर्यादा त्यासाठी स्वीकारण्यात आल्या.

जाहिरात : औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ मध्ये झाला. त्याच्या परिशिष्टात ५४ रोग व विकार दिलेले असून त्यांत कर्करोग, मधुमेह, रक्तदाबाचे विकार, लठ्ठपणा इत्यादींचा अंतर्भाव होतो. यांवर उपाय असल्याची जाहिरात करणे गुन्हा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये १७० वा नियम करून या औषधांच्या जाहिरातींस राज्याच्या परवाना-अधिकाऱ्याची पूर्वसंमती आवश्यक करण्यात आली. या नियमास न्यायालयांत आव्हान दिले गेले व १ जुलै २०२४ रोजी केंद्र शासनाने तो वगळला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये या निर्णयास स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये संबंधित याचिका निकालात काढताना ती उठविली. १९५४ चा कायदा मात्र कायम आहे.

इतर देशांतील पद्धती : अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने वनस्पतिज उत्पादने आहारपूरक म्हणून गणली जातात व त्यांस विक्रीपूर्व संमती लागत नाही. यूरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशानुसार किमान ३० वर्षांचा वापर, त्यांपैकी सामान्यतः १५ वर्षे संघाच्या प्रदेशातील, दाखविल्यास पारंपरिक वनस्पतिज औषधाची सुलभ नोंदणी होते. कॅनडात १ जानेवारी २००४ पासून अशा प्रत्येक उत्पादनास परवाना घ्यावा लागतो व त्याचा क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो.

मर्यादा : औषधाचे दुष्परिणाम नोंदविण्याची राष्ट्रीय योजना भारतात २००८ मध्ये जामनगर येथून सुरू झाली, पुढे तिचे मुख्य केंद्र नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत नेण्यात आले. वनौषधी घेत असल्याचे रुग्ण अनेकदा डॉक्टरांना सांगत नाहीत आणि झालेला अपाय औषधाचा की मूळ रोगाचा, हे ठरविणेही अवघड असते. म्हणून अशा नोंदींतून खरे प्रमाण कळत नाही. अन्न व औषध यांमधील सीमारेषाही अस्पष्ट आहे. हळद, आवळा यांसारखे द्रव्य औषध म्हणून वरील कायद्याखाली, तर पोषक वा ‘आयुर्वेद आहार’ म्हणून २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील २०१६ व २०२२ च्या विनियमांनुसार विकता येते. दोन्हींचे परवाने, अटी व वेष्टनावरील मजकूर भिन्न असतात. परवाना क्रमांकावरून औषध अधिकृत कारखान्यात तयार झाल्याचे कळते. ते विशिष्ट रोगावर गुणकारी असल्याचे त्यावरून सिद्ध होत नाही. परवाना व गट क्रमांक, घटकांची यादी व वापराची मुदत यांपैकी काही वेष्टनावर नसेल, तर औषधाचा माग काढण्याचे व दोषी उत्पादकावर कारवाई करण्याचे साधनच हाती राहत नाही.