घरचा संगणक, लेखांक ७ : बटण दाबूनही पंखा हलत नाही तेव्हा

सुटे भाग आणून घरी जुळवलेला आणि महिनोन्‌महिने सुरळीत चाललेला संगणक एके दिवशी बटण दाबूनही जागचा हलत नाही, तेव्हा बहुतेकांचा संशय थेट मदरबोर्डवर किंवा एसएमपीएसवर, म्हणजे घरातील २३० व्होल्टच्या एसी विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा डीसी पुरवठा तयार करणाऱ्या पेटीवर जातो. यांपैकी कोणताही भाग बदलण्याआधी संगणक ‘बंद’ असतो म्हणजे नेमका कसा असतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

जुन्या एटी रचनेत बटण विजेचा प्रवाहच तोडत असे. इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स मानकात मात्र बटण मदरबोर्डला केवळ एक विनंती करते. ही विनंती ऐकण्यासाठी मदरबोर्ड जागा राहावा लागतो, म्हणून भिंतीवरील आणि एसएमपीएसच्या पाठीमागील बटण चालू असेपर्यंत ५ व्होल्टचा एक छोटा पुरवठा सतत वाहत असतो. त्याला ‘स्टँडबाय’ म्हणतात आणि २४ पिनांच्या मुख्य जोडणीत तो नवव्या पिनेवर, बहुधा जांभळ्या तारेतून येतो. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून काळी सळई कोणत्याही काळ्या तारेच्या पिनेला आणि लाल सळई या पिनेला मागच्या बाजूने टेकवल्यास ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या दरम्यान आकडा दिसला पाहिजे. तो न दिसल्यास आधी भिंतीवरचा सॉकेट, वायर आणि पाठीमागचे बटण तपासावे, आणि ती ठीक असूनही मुख्य जोडणी मदरबोर्डमधून काढल्यावर आकडा शून्यच राहिला, तर एसएमपीएस निकामी झाला असे मानण्यास हरकत नाही.

स्टँडबाय मिळत असेल तर पुढचा प्रश्न बटणाचा. सर्वांत स्वस्त भाग हाच, आणि सर्वांत कमी तपासला जाणाराही हाच. मदरबोर्डच्या कडेला, सामान्यतः खालच्या उजव्या कोपऱ्यात, कॅबिनेटच्या बटणाच्या दोन बारीक तारा जिथे बसतात तेथील टोप्या काढून त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना जोडल्यावर संगणक सुरू झाला, तर दोष बटणात किंवा त्याच्या तारांत आहे. मग नवे बटण येईपर्यंत रीसेटच्या तारा तेथे लावून काम भागते.

त्यानेही काही न घडल्यास सोळाव्या पिनेकडे, म्हणजे बहुधा हिरव्या असणाऱ्या तारेकडे वळावे. (अलीकडच्या पुष्कळ एसएमपीएसमध्ये सर्वच तारा काळ्या असतात, त्यामुळे रंगापेक्षा पिनेच्या क्रमांकावर भिस्त ठेवलेली बरी.) या पिनेवरील दाब संगणक बंद असताना ५ व्होल्टच्या आसपास असतो आणि बटण दाबताच मदरबोर्ड तो शून्याजवळ खेचतो, हे खेचणे म्हणजेच एसएमपीएसला दिलेली सुरू होण्याची आज्ञा. आज्ञाच दिली जात नसेल तर दोष मदरबोर्डच्या बाजूला शोधावा, आणि आज्ञा मिळूनही पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट येत नसतील तर एकतर एसएमपीएस बिघडला आहे किंवा पुढे कुठेतरी शॉर्ट झाल्यामुळे तो स्वतःला रोखून धरत आहे.

पंखा जेमतेम हलून थांबत असेल तर हा दुसरा संशय बळावतो. शॉर्टविरोधी संरक्षण एकदा अडकले की अनेकदा भिंतीवरचे बटण बंद करून थोडा वेळ थांबल्याशिवाय ते सुटत नाही, हे न कळल्यामुळे पुढच्या चाचण्यांचे निष्कर्ष चुकतात. म्हणून प्रत्येक वेळी वीज तोडून एकेक भाग सोडवावा : आधी ग्राफिक्स कार्ड, मग डिस्क, मग प्रोसेसरला १२ व्होल्ट देणारी आठ पिनांची जोडणी. ही शेवटची जोडणी काढल्यावर पंखा फिरू लागला, तर प्रोसेसरलगतच्या व्होल्टेज नियंत्रक मंडलातील एखादा मॉस्फेट शॉर्ट झालेला असण्याची शक्यता दाट असते. मदरबोर्डखालच्या जादा स्टँडऑफचा संशय नव्याने जुळवलेल्या संगणकाबाबत रास्त असला, तरी आजवर चालत आलेल्या यंत्रात एखादा सुटा स्क्रू घरंगळला नसेल तर त्यामागे लागण्यात फारसा अर्थ नाही.

एसएमपीएसची पेटी मात्र उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ तीनशे व्होल्टांहून अधिक दाब टिकून राहू शकतो. पंखे फिरतात पण पडद्यावर काहीच उमटत नाही, ही अवस्था निराळी असून तिचा विचार पुढील लेखांकात होईल.