गाणं हे कोणतं नाम?

आजचा विषय मला आमच्या गल्लीतल्या सहावीतल्या एका मुलीनं दिला. शाळेच्या चाचणीत प्रश्न होता : पुढील शब्दांच्या नामाचे प्रकार लिहा. शब्द होते वीणा, भूप, गोडवा, गाणे. पोरीनं ‘गाणे’पुढे ‘भाववाचक’ लिहिलं. लाल फुली. अर्धा गुण गेला. ती वही घेऊन माझ्याकडं आली आणि म्हणाली, “आजोबा, मी गाणं शिकते. गाणं काय हातात धरता येतं का?”

मी चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचितच कुणी विचारला असेल. तर बघू या.

आधी उजळणी. मराठीत नामाचे तीन प्रकार आपण शिकतो. एका जातीच्या सगळ्या वस्तूंना लागू पडतं ते सामान्यनाम : तबला, पेटी, टाळ, संबळ. त्यातल्या एकालाच ओळखण्यासाठी ठेवलेलं ते विशेषनाम : तानसेन, परभणी. आणि वस्तूचा गुण, अवस्था किंवा क्रिया सांगतं ते भाववाचक : गोडवा, वादन, तल्लीनता. मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली आलं. त्या परंपरेत पहिल्या दोघांना धर्मिवाचक आणि तिसऱ्याला धर्मवाचक म्हणतात. धर्मी म्हणजे ज्याच्या ठायी गुण राहतो तो. तबला हा धर्मी, त्याचा घुमारा हा धर्म. इथवर सोपं आहे.

आता ‘गाणं’ घ्या. “तिनं तीन गाणी म्हटली.” इथं गाणं मोजता येतं, अनेकवचन होतं. सामान्यनाम. पण “तिचं गाणं अजून कच्चं आहे” असं गुरुजी म्हणतात तेव्हा? तिथं ‘गाणं’ म्हणजे गाण्याची क्रिया, तिची तयारी. तिथं ‘गाणी’ करून बघा, अर्थच बदलतो. म्हणजे भाववाचक. आमची मुलगी “मी गाणं शिकते” म्हणते ते या दुसऱ्या अर्थानं. ती चुकली नव्हती आणि उत्तरपत्रिका तपासणारेही पूर्ण चुकले नव्हते. चूक होती शब्द सुटा देण्यात.

याहून गमतीचा शब्द ‘राग’. “बुवांना फार राग येतो” म्हटलं की आपण चार हात लांब बसतो. “बुवांना फार राग येतात” म्हटलं की सतरंजी घेऊन पुढं सरकतो. फरक फक्त अनेकवचनाचा. पहिला राग मनाची अवस्था, भाववाचक. दुसरा सामान्यनाम.

तुम्ही म्हणाल, सर, मग जे हातात धरता येत नाही ते भाववाचक, हा सरळ नियम का नको? तो टिकत नाही म्हणून. ‘सूर’ बघा. नैयायिक म्हणतात, शब्द म्हणजे ध्वनी हा आकाशाचा गुण आहे. भाट्ट मीमांसक म्हणतात, तो गुण नव्हे, स्वतंत्र द्रव्य आहे. हा वाद शतकानुशतकं चालला. आता व्याकरणानं तो मिटेपर्यंत थांबायचं का? व्याकरण थांबत नाही. आपण ‘सात सूर’ म्हणतो, ते मोजतो, म्हणून सामान्यनाम. जगात काय आहे हे तत्त्वज्ञान विचारतं, आपण त्याबद्दल कसं बोलतो हे व्याकरण विचारतं. दोन्हींची गल्लत करू नये.

पुढचा शब्द, वीणा. वाद्य म्हणून सामान्यनाम. पण मुलीचं नाव वीणा असलं तर? आपली भाषा इथं फार शहाणी आहे. “वीणेची तार तुटली” म्हणतो, पण “वीणाचं लग्न ठरलं” म्हणतो. वाद्याच्या नावाचं सामान्यरूप होतं, माणसाचं नाव आपण सहसा मोडत नाही. शाळेत न गेलेला माणूसही यात चुकत नाही.

मग ‘भूप’? उत्तर विशेषनाम, बरोबर आहे. पण कसलं विशेषनाम? भूप आज कुणी गातं, उद्या दुसरं कुणी. प्रत्येक वेळी वेगळा, तरी भूपच. मला तो नदीसारखा वाटतो. गंगाखेडच्या घाटावर गोदावरीचं पाणी रोज नवं, नाव तेच. आणि भाषाही साक्ष देते : आपण पूर्णा नदीचं पाणी ‘पूर्णेचं’ म्हणतो, तसे मारवा रागाचे सूर ‘मारव्याचे’ म्हणतो. बरं, हे नाव म्हणजे सुरांची नुसती यादीही नाही. भूप आणि देशकार, दोघांचे सूर तेच पाच : सा रे ग प ध. भूपात गंधार वादी, देशकारात धैवत वादी. चाल वेगळी, म्हणून नाव वेगळं.

आता यात अर्ध्या गुणापलीकडं काय आहे, ते सांगतो. विशेषनाम मिळणं म्हणजे ओळख मिळणं. माझी आई पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची. छापील पुस्तकांत तशा ओव्यांखाली बहुधा एकच शब्द असतो, ‘लोकगीत’. सामान्यनाम. रचणारी कोण, गाणारी कोण, पत्ता नाही. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईनं अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा ठेवली, म्हणून ती आज आपल्याला नावानिशी ठाऊक आहे. बाकीच्या हजारो जणी ‘बायका’ या सामान्यनामात विरघळल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि गाणाऱ्या बाईचं नाव नि गाव सोबत नोंदवलं. त्यात आपल्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्याही ओव्या आहेत. व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी सामान्यनामाला विशेषनाम परत दिलं.

तेव्हा शिक्षक मित्रांना विनंती, शब्द सुटा विचारू नका, वाक्यात द्या. आणि मुलांनो, उत्तर लिहिण्याआधी तीन गोष्टी करून बघा : अनेकवचन होतं का? अर्थ तोच राहतो का? आणि ‘ची’ लावल्यावर शब्द बदलतो का?

त्या मुलीला अर्धा गुण मिळाला नाही. पण परवा तिनं विचारलं, “आजोबा, तुमच्या आईचं नाव काय होतं?” मी सांगितलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं, आणि खाली मला आठवत होती ती एक ओवी.