गजकर्णासारखा दिसणारा चट्टा

नायट्याचें मलम महिनोन्‌महिने चोळावें, खपली निघाली कीं बरें वाटावें, आणि पुढल्या पावसाळ्यांत तोच चट्टा थोडा अधिक पसरलेला दिसावा, असा अनुभव ज्यांस आला असेल त्यांनीं पुढील मजकूर सावकाश वाचावा. प्रत्येक चट्टा गजकर्णाचा नसतो. क्वचित् तो कातडीच्या कर्करोगाचा अगदीं पहिला, अद्याप वरच्या थरांतच अडकून राहिलेला प्रकार असतो. आणि त्या अवस्थेंत ओळखला गेल्यास तो बहुधा पूर्णपणें बरा होतो. 

अमेरिकेंतील बॉस्टन शहरचे त्वचारोगतज्ज्ञ जॉन टेम्पलटन बोवेन यांनीं १९१२ सालीं अशा दोन रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. पुढें दोन वर्षांनीं पॅरिसच्या दारिए या तज्ज्ञानें या विकारास बोवेनचेंच नांव दिलें, व आजही तो बोवेनचा रोग म्हणूनच ओळखला जातो.

कर्करोग हें नांव ऐकतांच घरांत रडारड सुरू होते, म्हणून या रोगाचें स्वरूप आधीं नीट समजून घेतलें पाहिजे. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा पापुद्रा अंगाच्या बहुतेक भागांवर कागदाइतकाच जाड असतो. त्यांत रक्तवाहिन्या नसतात. त्या त्याच्या खालच्या थरांत असतात, आणि दोहोंच्या मध्यें एक अतिशय पातळ पडदा असतो. बोवेनच्या रोगांत वरच्या पापुद्र्याच्या पेशी तळापासून माथ्यापर्यंत बिघडून वेड्यावांकड्या वाढतात, परंतु पडदा शाबूत असतो. सबंध वाफ्यांत तण माजलें पण बांध ओलांडून तें शेजारच्या शेतांत गेलें नाहीं, अशी ही स्थिति होय. रक्तांत शिरावयास वाटच न मिळाल्यामुळें रोग फुफ्फुसांत वा यकृतांत जाऊन बसत नाहीं. उपचार न केल्यास शंभरांतील सुमारें तीन ते पांच चट्ट्यांत मात्र पुढें बांध फुटतो, आणि मग प्रकरण निराळें होतें. कोणता चट्टा त्या तीन-पांचांतला, हें आधीं सांगतां येत नाहीं.

चट्टा दिसतो कसा? बहुधा एकटाच, तांबूस किंवा तपकिरी, कडा नकाशावरील सरहद्दीसारखी स्पष्ट, पण वांकडीतिकडी, वर कोरडा कोंडा किंवा खपली. खाज थोडी किंवा मुळींच नाहीं. गजकर्णाची कडा कडीसारखी गोल फिरते, मध्यभाग निवळतो, खाज झोंप उडविते, आणि तें घरांतील दुसऱ्यास लागतें. बोवेनचा चट्टा मध्यें निवळत नाहीं, कोणास लागत नाहीं, आणि वर्षानुवर्षें मुंगीच्या पावलानें वाढतो. साठीच्या पुढील माणसांत तो अधिक आढळतो. सांवळ्या वर्णाच्या लोकांत हा रोग गोऱ्या लोकांपेक्षां पुष्कळच कमी. मात्र आपल्यांत तो झाला तर पुष्कळदां काळसर असतो आणि उन्हाच्या जागीं न होतां वस्त्राखालीं झांकलेल्या जागीं होतो, म्हणून डॉक्टरही फसूं शकतात. झांकलेली कातडी सुरक्षितच असते असें नाहीं, हें मुंबईच्या टाटा रुग्णालयांतील डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९४५ सालींच दाखविलें होतें: वर्षानुवर्षें कंबरेस घट्ट आवळलेल्या धोतराच्या घर्षणानें तेथील कातडीस कर्करोग होतो, असें त्यांनीं वर्णिलें. तो रोग बोवेनचा नव्हे, पण धडा तोच.

गोऱ्या लोकांत या रोगाचें मुख्य कारण ऊन. शेतकऱ्याच्या दृष्टीनें त्याहून विचार करण्याजोगें कारण म्हणजे सोमल. इंग्लंडांत टॉमस फाउलर यांनीं १७८६ सालीं सोमलाचें एक द्रावण औषध म्हणून प्रचारांत आणलें आणि तें शंभर वर्षांहून अधिक काळ तापावर व कातडीच्या रोगांवर थेंबाथेंबानें दिलें जाई. १८८७ सालीं लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनीं, दीर्घकाळ सोमल घेतलेल्या रोग्यांस कातडीचा कर्करोग होतो, असें नमूद केलें. सोमलानें होणारे चट्टे बहुधा एकाहून अधिक असतात, आणि सोमल पोटांत गेल्यानंतर दहा, वीस, कधीं तीस वर्षांनीं उमटतात. रोग्यास कारण आठवतही नाहीं.

औषधानंतर सोमल शेतांत आला. १८९२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत झाडें खाणाऱ्या सुरवंटांवर लेड आर्सेनेट प्रथम फवारण्यांत आलें. जर्मनींत मोझेल नदीकांठच्या द्राक्षबागांतून सोमलाचीं औषधें सर्रास फवारलीं जात. तेथील मजूर तीं फवारीत, त्यांची धूळ हुंगीत, आणि शिवाय द्राक्षांच्या चोथ्यांत पाणी घालून केलेलें घरगुती मद्य पीत, त्यांतूनही सोमल पोटांत जाई. १९४२ सालीं जर्मनींत हीं औषधें बंद झालीं, तरी त्या बागाईतदारांच्या अंगावर चट्टे, आणि फुफ्फुसांत व यकृतांत कर्करोग, पुढें कित्येक वर्षें निघत राहिले. फवारणी थांबली म्हणजे हिशेब मिटला, असें या विषाचें नाहीं. आपल्या देशांत लेड आर्सेनेट व कॅल्शियम आर्सेनेट यांस नोंदणीच नाकारलेली आहे; तथापि वाड्याच्या माळ्यावर एखादा जुना, चिठ्ठी गळालेला डबा असेल तर तो उघडून वास घेण्याच्या भरीस पडूं नये.

पाण्याची गोष्ट याहून गंभीर आहे. पश्चिम बंगालमध्यें कूपनलिकांचें पाणी पिणाऱ्या खेडुतांच्या अंगावरील डाग सोमलाचे आहेत, हें १९८३ सालीं कलकत्त्याच्या डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनीं ओळखलें. तो सोमल कोणी टाकलेला नव्हता. नदीच्या गाळांतूनच तो पाण्यांत उतरत होता. महाराष्ट्राच्या सरहद्दीजवळ, छत्तीसगडांतील अंबागड चौकी भागांत कौडीकसा गांवींही भूजलांत सोमल आढळलेला आहे, आणि तेथें गाळ नसून खडक कारण आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणांतील विहिरींचा हा नेहमींचा दोष नव्हे. परंतु पूर्व सरहद्दीवरील वाचकांनीं पाण्याची परीक्षा करून घेणें बरें. सोमलास रंग, वास, चव कांहींच नाहीं, आणि पाणी उकळल्यानें तो जात नाहीं, उलट दाट होतो. लिटरमागें ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे.

सोमल अंगांत मुरल्याची खूण तळहातावर सांपडते. छाती-पाठीवर पावसाचे थेंब उडाल्यासारखे काळे-पांढरे ठिपके पडतात, आणि तळहात व तळपाय यांवर मक्याच्या दाण्यासारखे कठीण कण उठतात. शेतकरी त्यांस घट्टे समजतो. परंतु कुदळीचा घट्टा जेथें दांडा घासतो तेथेंच पडतो व काम सुटल्यावर मऊ होतो. सोमलाचे कण दोन्ही तळव्यांवर विखुरलेले असतात आणि विसाव्यानेंही जात नाहींत.

सोमल, हरताळ, मनशीळ घातलेल्या पुड्या शक्तिवर्धक म्हणून विकणारे लोक आजही जत्रांतून भेटतात. असलें औषध कोणी पूर्वीं घेतलें असेल तर डॉक्टरांस तें लाज न बाळगतां सांगावें.

निदानास एकच खात्रीचा मार्ग आहे: जागा बधिर करून चट्ट्याचा डाळीएवढा तुकडा काढावयाचा व तो सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहावयाचा. सुरी लागली कीं रोग पसरतो, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे कीं लोक वर्षें घालवितात. ती खोटी आहे. उपचार चट्ट्याच्या जागेवर व आकारावर ठरतो. कोठें खरवडून डागतात, कोठें द्रवरूप नायट्रोजनानें गोठवितात, कोठें फ्लुओरोयुरॅसिलचें मलम कांहीं आठवडे लावितात. या मलमानें जागा लाल होऊन सोलते, तें पाहून घाबरून मध्येंच सोडूं नये. कोठें चट्टा कापूनच काढितात. नडगीवरची जखम, विशेषतः पाय सुजणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची, फार सावकाश भरते, म्हणून तेथें वैद्य कापण्यापेक्षां मलम किंवा नुसती नजर ठेवणेंही पसंत करतात.

दवाखाना दूर असेल व पेरणीचे दिवस असतील तर पंधरा दिवसांनीं कांहीं बिघडत नाहीं. तोंवर चट्ट्याची लांबी-रुंदी सुतानें मोजून तारखेसह वहींत लिहून ठेवावी, दुकानांतलें मलम बंद ठेवावें. चट्ट्यांत गांठ उठली, चीर पडून रक्त येऊं लागलें किंवा काखेंत, जांघेंत अवधाण आलें, तर मात्र पेरणी भावावर सोंपवून त्याच आठवड्यांत निघावें.