पन्नास हजारांतलं मिलिंग मशीन

आमच्या बेळगावात उद्यमबागेच्या बाजूने गेलं की कुठल्या ना कुठल्या शेडमधून लेथचा आवाज येतोच. फौंड्री आणि मशीन शॉप यांच्यावर इथली कितीतरी मराठी घरं उभी राहिली. आमचं घरही त्यातलंच. बाबांनी पस्तीस वर्षं फिटर म्हणून काढली. मी मात्र कॉम्प्युटरची बीई झाले. लोखंडाशी माझा संबंध पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये कानशीने घासलेल्या एका चौकोनी तुकड्यापुरताच आला. बाबांच्या शॉपमध्ये मी आजवर दोनदा गेले असेन. मुलींचं तिथे काय काम, असाच सगळ्यांचा समज होता. माझासुद्धा.

दीड वर्षापूर्वी मी घरी एक छोटं सीएनसी मिलिंग मशीन बनवायला घेतलं. लेथवर जॉब फिरतो आणि टूल त्याला कापतं. मिलिंगमध्ये उलट, टूल फिरतं आणि टेबलावर आवळलेला जॉब त्याच्याखाली सरकतो. खाचा, कप्पे, सपाट कडा ही सगळी मिलिंगची कामं. धातू नीट कापणारं तयार सीएनसी घ्यायचं तर किंमत लाखांत जाते. आमच्या घराचा हप्ता चालू आहे, त्यामुळे नवऱ्याशी बसून हद्द ठरवली : पन्नास हजार, वर एक रुपया नाही.

कागदावरचे तीन मायक्रॉन

मला सोपा वाटलेला भाग खरोखरच सोपा निघाला. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सेट यांनी २००९ मध्ये सुरू केलेला 'जीआरबीएल' हा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि साध्या अर्डुइनो बोर्डावर चालतो. कॉम्प्युटरकडून आलेल्या सूचना वाचून तो तीन स्टेपर मोटरींना नेमके किती झटके द्यायचे ते ठरवतो. स्टेपर मोटर एका झटक्यात १.८ अंश फिरते, म्हणजे पूर्ण फेऱ्याला २०० झटके. ड्रायव्हर प्रत्येक झटक्याचे आठ भाग करतो, म्हणजे १६००. एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकवणारा बॉल स्क्रू लावला, की एका मिलिमीटरला ३२० पायऱ्या. एक पायरी झाली साधारण तीन मायक्रॉन. माणसाचा केस यापेक्षा वीसेक पट जाड असतो. हा हिशेब मी मोठ्या ऐटीत बाबांना दाखवला. ते एवढंच म्हणाले, "बघू."

पहिलं मशीन मी एमडीएफच्या फळ्यांचं केलं. बॉल स्क्रू महाग म्हणून बाजारातले साधे आठ मिलिमीटरचे आट्यांचे रॉड लावले. ॲल्युमिनियमचा १०० मिलिमीटरचा चौकोन कापला. बाबांनी तो हातात घेतला, कोपऱ्याला गुन्या लावला आणि खिडकीकडे धरला. गुन्या आणि जॉब यांच्यामधून उजेडाची फट दिसत होती. मोजलं तर एका कडेला ०.४ मिलिमीटरचा फरक. "तुझ्या प्रोग्रॅमने गुन्या लावून बघितला होता का?" बाबांनी विचारलं.

नव्हता बघितला, आणि नेमकी तीच गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. या मशीनमध्ये प्रोग्रॅम मोटरला "सरक" असं सांगतो आणि ती सरकली असं धरून चालतो. फळी वाकली, नट सैल पडला, टूल बाजूला ढकललं गेलं, तरी त्याला पत्ता नसतो. स्क्रीनवर सगळं बरोबरच दिसतं.

पुढे जुलै आला. बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. दमट हवेत एमडीएफ फुगलं आणि मोटरी जागच्या जागी गुरगुरायला लागल्या. फळ्या, रॉड आणि बेअरिंगचे साडेसहा हजार पाण्यात गेले. मोटरी, ड्रायव्हर, बोर्ड, वीजपुरवठा आणि स्पिंडल म्हणून घेतलेला हाताचा राउटर एवढे मात्र वाचले. त्या आठवड्यात घरात मशीनचा विषय कोणी काढला नाही.

भंगारातलं बीड

विषय शेवटी बाबांनीच काढला. एका रविवारी मला घेऊन ते भंगार बाजारात गेले. तिथे मोडीत निघालेल्या एका मशीनचं एक्स-वाय टेबल पडलं होतं. बीडाचं, सत्तर किलोचं. साठ रुपये किलोने ४,२०० रुपयांना मिळालं.

"वजन का हवं?" मी विचारलं. त्यांनी लोखंडाची पट्टी टेबलाच्या कडेला धरून बाहेर आलेलं टोक दाबून दाखवलं. बाकीचं मी घरी येऊन पुस्तकात वाचलं. पट्टीची जाडी दुप्पट केली की ती आठ पट ताठ होते. बाहेर आलेली लांबी दुप्पट केली की तेवढ्याच जोराने ती आठ पट वाकते. माझ्या पहिल्या मशीनमध्ये लांबी जास्त होती आणि जाडी कमी, म्हणजे दोन्हीकडून चूक. शिवाय बीडात कार्बनच्या बारीक पापुद्र्या असतात, त्या कंपन गिळतात. म्हणून तर मशीनचा पाया बीडाचा ओततात.

टेबल स्वस्त होतं कारण ते झिजलेलं होतं. मधल्या भागात ढिलं चालायचं आणि कडेला अडायचं. यावरचा उपाय स्क्रेपिंग. सपाटपणाची खात्री असलेल्या सरफेस प्लेटवर निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा आणि जॉब तिच्यावर घासायचा. जिथे उंचवटा, तिथे निळा ठिपका उमटतो. तेवढाच ठिपका स्क्रेपरने खरवडायचा, पुसायचं, पुन्हा निळा. सुरुवातीला सगळ्या पृष्ठभागावर दोन-तीन डाग दिसतात. ठिपके सगळीकडे सारखे पसरले आणि चौरस इंचात दहा-बारा दिसू लागले, की काम झालं. खरवडलेल्या बारीक खळग्यांमध्ये तेल टिकून राहतं, हा आणखी एक फायदा.

अडचण अशी की बाबांचा उजवा हात गेली चार वर्षं थरथरतो. स्क्रेपर त्यांना धरता येत नाही. मागून आणलेल्या प्लेटशेजारी ते खुर्ची टाकून बसले आणि स्क्रेपर माझ्या हातात आला.

अकरा संध्याकाळी आम्ही हेच केलं. "मनगट नको, कंबरेतून जोर दे." "आता आडवं मार, एकाच दिशेने मारलंस तर लाटा पडतील." "डोळ्यांनी नको बघू, बोट फिरव." चौथ्या दिवशी माझ्या तळहाताला फोड आले. सातव्या दिवशी माझं बोट अशा जागी थांबलं जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं. निळा लावला तर तिथेच ठिपका उमटला. बाबा काही बोलले नाहीत, पण आईला हाक मारून त्यांनी तो दाखवला.

टूल धरणारा खांब सहा मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपचा केला आणि आत कोरडी वाळू ठासली. तो टेबलाशी काटकोनात आहे का हे बघायला स्पिंडलमध्ये डायल धरून हाताने गोल फिरवायचं. चारही बाजूंना काटा एकाच जागी यायला हवा. आमचा मागच्या बाजूला सरकत होता. बाबांनी थंड पेयाचा रिकामा कॅन कापायला सांगितला. त्याच्या पत्र्याची जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर असते. एक पट्टी खांबाच्या बुडाशी सरकवली आणि काटा बराचसा जागेवर आला.

हिशेब

पहिल्या फेरीत एकूण २४,००० गेले, त्यातले ६,५०० वाया. दुसऱ्या फेरीत टेबल ४,२००, पाइप, प्लेटा आणि वेल्डिंग ३,५००, तीन बॉल स्क्रू ७,२००, उभ्या सरकीचे रेल ४,१००, स्क्रूची टोकं लेथवर करून घेण्याचं जॉबवर्क २,५००, टूल, वायर आणि किरकोळ ३,३००. एकूण ४८,८००. तुम्ही करणार असाल तर बॉल स्क्रूवर पैसे वाचवू नका आणि सांगाडा नवा विकत घेऊ नका. लाल बटण, जे दाबताच सगळं बंद पडतं, ते पहिल्या दिवशीच बसवा. चष्मा तर हवाच. माझा एक जॉब नीट आवळला नव्हता, टूल तुटलं आणि तुकडा चष्म्याच्या काचेवर आपटला. काचेवरची ती रेघ मी अजून पुसून घेतलेली नाही.

आणखी एक चूक नवशिके हमखास करतात, मीही केली. भीतीने टूल अगदी हळू चालवलं. हळू गेलं की टूल कापत नाही, घासतं; ॲल्युमिनियम तापतं आणि टूललाच चिकटतं. आता ४ मिलिमीटरचं एका धारेचं टूल मिनिटाला १२,००० फेऱ्यांवर फिरवते, मिनिटाला ३६० मिलिमीटर सरकवते आणि एका वेळी ०.२ मिलिमीटर खोल जाते. पोलाद हे मशीन कापत नाही आणि आवाज एवढा करतं की रात्री आठनंतर ते बंद असतं.

याच गावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि पुढे लोखंडी नांगर केले. त्यांचा पहिला नांगर घ्यायला शेतकरी तयार नव्हते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. माझ्या एमडीएफच्या मशीनची त्याच्याशी तुलना नाही, पण साडेसहा हजार गेले त्या आठवड्यात ती गोष्ट मला आठवत होती.

नव्या मशीनवरचा पहिला जॉब ६० मिलिमीटरचा चौकोन होता. बाबांनी कपाटातून स्वतःचा मायक्रोमीटर काढला. मी तो धरला, रॅचेट तीनदा टिकटिकेपर्यंत फिरवला, त्यांनी वाचलं : एका बाजूला ६०.०४, दुसऱ्या बाजूला ६०.०३. मग गुन्या लावून खिडकीकडे धरला. उजेड दिसला नाही.

"चालेल," बाबा म्हणाले. शॉपमध्ये ते याहून मोठी शाबासकी कधी देत नसत, असं त्यांचे जुने सोबती सांगतात.

त्या अकरा संध्याकाळी ते जे बोलले ते मी रोज रात्री टाइप करून ठेवलं आहे. बावीस पानं झाली. तुमच्या घरातही कोणी टर्नर, फिटर किंवा मोल्डर असेल, तर मशीन बनवा अथवा नका बनवू, त्यांच्याशेजारी एक खुर्ची टाकून बसा. आमची पुढची शिकवणी टूलला धार लावण्याची आहे. ग्राइंडर बाबांनी आधीच पुसून ठेवला आहे.