हलक्या ब्लॉकचा कस कच्च्या मालात

अकोले, राजूर, कोतूळ भागात घराच्या भिंतींसाठी लाल विटेऐवजी करड्या रंगाचा हलका ब्लॉक मागितला जाऊ लागला आहे. आपले गवंडी व ठेकेदार बांधव तो लावतात, काही व्यापारी एजन्सीच्या विचारात आहेत. केवळ भाव पाहून माल उचलण्याआधी तो कशाचा बनतो हे समजून घेणे फायद्याचे आहे. आम्ही कापडवाले सूत न तपासता ताका घेत नाही. येथेही हिशेब तोच आहे.

चुना, सिलिका (म्हणजे गारगोटीतील मूळ द्रव्य), थोडे सिमेंट, जिप्सम व चिमूटभर ॲल्युमिनियम पावडर पाण्यात कालवतात. पावडरीमुळे वायू सुटून लगदा पावासारखा फुगतो. मग सुमारे 180 ते 200 अंश तापमानाच्या दाबाच्या वाफेत तो कित्येक तास ठेवतात. आधी चुना व सिलिकेची चिकट लापशी तयार होते, तिला जेल म्हणतात. पुढे तिच्यातून बारीक पातळ पापुद्र्यांचे स्फटिक उगवतात व एकमेकांत गुंततात. या स्फटिकाचे नाव टोबरमोराइट. स्कॉटलंडमधील टोबरमोरी गावावरून ते पडले. रेणूंच्या हिशेबाने त्यात 5 भाग चुना व 6 भाग सिलिका असते. जेल वाळताना आकसते आणि प्लास्टरला तडे जातात. स्फटिक फार कमी आकसतो. म्हणून स्फटिक किती बनला, यावर सारे अवलंबून आहे.

आता सिलिका कोठून आणायची? प्रवरेची वाळू काळ्या खडकाची. तिच्यात मोकळी गारगोटी फारच थोडी, म्हणून ती या कामाची नाही. शुद्ध सिलिका वाळू सिंधुदुर्गात कासार्डे-कणकवलीकडे निघते. ती पिठासारखी दळावी लागते. जाडी राहिली तर दाण्याचा गाभा तसाच उरतो, चुन्याला पुरेशी सिलिका मिळत नाही आणि चुना जास्त असलेले कमजोर पदार्थ बनतात.

आपल्याला जवळची म्हणजे नाशिकजवळील एकलहरे वीज केंद्राची राख. 1999 च्या केंद्रीय अधिसूचनेनंतर राखेच्या वापराला जोर आला. राखेतील सिलिका काचेसारखी असल्याने लवकर विरघळते, पण जेल झटपट बनून स्फटिक मागे पडू शकतो. तिच्यातील ॲल्युमिना थोडा असेल तर स्फटिकाला मदत करतो. जास्त झाला तर हायड्रोगार्नेट नावाचा निराळाच पदार्थ बनतो. राखेचा ब्लॉक वाळूच्या ब्लॉकपेक्षा सहसा जास्त आकसतो. शिवाय न जळलेला कोळसा जास्त असेल तर पाणी जास्त लागते आणि फुगणे बिघडते.

राजूर-भंडारदऱ्याकडे भाताचा तूस मुबलक आहे. त्याची राख वापरावी असे कोणी सुचवले तर एक विचारावे : ती किती तापमानावर जाळली? बेताच्या आचेवर तिच्यातील सिलिका चपळ राहते. आच फार वाढली की तीच सिलिका कडक होऊन सुस्त पडते. नुसत्या या राखेवर भरवसा ठेवू नये, मिश्रणात वापरावी.

चुन्याचेही तसेच. आपल्याकडची चुनखडी मातीमिश्रित असते. जुन्या वाड्यांच्या चिरेबंदीला तिने शोभा आणली, पण ब्लॉकला शुद्ध व लवकर विरणारा चुना लागतो. कमी भाजलेल्या चुन्यात कच्चे खडे राहतात. जास्त भाजलेला चुना उशिरा, वाफेत गेल्यावर फुलतो आणि ब्लॉक आतून तडकतो. जिप्सम चुन्याच्या विरण्याला आवर घालतो व स्फटिक वाढवतो, म्हणून तो वाचवण्यात शहाणपण नाही.

साध्या फ्लाय ॲश विटा पाणी मारून मुरवतात, त्या दाबाच्या वाफेत जात नाहीत, म्हणून त्यांत हा स्फटिक नसतो. दोन्ही माल एकच म्हणून विकणाऱ्यापासून सावध राहावे.

भारतीय मानक 2185 भाग 3 प्रमाणे 551 ते 650 किलो प्रति घनमीटर घनतेच्या पहिल्या दर्जाच्या ब्लॉकची ताकद किमान 4 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, तर दुसऱ्या दर्जाची 3 हवी. वाळताना आकसण्याची मर्यादा अनुक्रमे 0.05 व 0.10 टक्के. विक्रेते ताकदीचा कागद लगेच दाखवतात. आकसण्याचाही अहवाल मागावा, आणि एजन्सी घेणाऱ्याने कारखान्यात वाळू वापरतात की राख, हे कागदावर लिहून घ्यावे.